शुगरच्या गोळीने मूत्राशयाचा कॅन्सर होतो का? सासऱ्यांनी गोळीच बंद केलीये

रेवती_विश्रामबाग

नमस्कार मंडळी, जरा घाईतच टाइप करतेय.

आमचे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणतो, वय ६८, शुगर आहे पंधरा एक वर्षं. आधी इचलकरंजीला प्रोसेसमध्ये होते, कापड रंगवायच्या खात्यात, रिटायर झाल्यावर सांगलीत आमच्याजवळ आले. त्यांची सकाळची जी गोळी आहे ती तीन औषधं मिळून एक आहे, स्ट्रिपच्या मागं बारीक अक्षरात ग्लिमेपिराइड २, मेटफॉर्मिन ५००, पायोग्लिटाझोन १५ असं छापलंय. रात्री नुसती मेटफॉर्मिन. सहा-सात वर्षं हेच चाललंय आणि शुगर बऱ्यापैकी आटोक्यात होती, मागचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, ७.२ आलेलं.

आता झालंय काय, पुण्याच्या पुतण्याने फॅमिली ग्रुपवर एक मेसेज ढकलला की पायोग्लिटाझोनने मूत्राशयाचा कॅन्सर होतो, फ्रान्सने बंद केली, भारत सरकारने पण बंदी घातलेली, अमेरिकेत कंपनीला हजारो कोटींचा दंड झाला, तरी आपले डॉक्टर देतात कारण कमिशन. अण्णांनी तो मेसेज चष्मा लावून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला आणि स्ट्रिप उचलून फ्रिजवर ठेवली, म्हणाले आजपासून ही बंद. तेव्हापासून घेतलेली नाही. उपाशीपोटी शुगर १३०-१४० असायची ती काल २२६ आली, रात्री सारखं लघवीला उठतात, तोंड कोरडं पडतं म्हणतात, आणि वर भडंगाचा डबा मांडीवर असतोच, त्याबद्दल बोललं की चिडतात.

आमचे नेहमीचे डॉक्टर परगावी आहेत, सोमवारी भेटतील. तोवर कुणीतरी सांगा यात खरं किती? बंदी आहे तर मेडिकलमध्ये मिळते कशी? आणि एवढी वर्षं पोटात गेलीये तर आता कुठली टेस्ट करून घ्यायची का? बिडी होती पूर्वी, आता सुटलीय. संध्याकाळी घोट्याला थोडी सूज असते पण ते वयाने असेल.

निसर्गमित्र७७

बंद केली ते उत्तम केलं. या सगळ्या केमिकल गोळ्या म्हणजे हळूहळू विष आहे. जांभळाच्या बियांची पावडर, मेथी, कारलं, रोज उपाशीपोटी घ्यायला सांगा. माझ्या मेव्हण्याचं इन्शुलिन सुटलं यावर. तयार पावडर आमच्याकडे मिळते, मेसेज करा.

औषधवाला_मिरज

रेवतीताई, माझं मिरजेत मेडिकल आहे, हॉस्पिटलांच्या रांगेतच, त्यामुळे ही गोळी रोज हाताखालून जाते. पहिलं काम हे करा की अण्णांना सांगा, तुम्ही एक औषध बंद केलं असं तुम्हाला वाटतंय पण बंद झालीत तिन्ही. भीती पायोग्लिटाझोनची आणि सोबत ग्लिमेपिराइड पण गेलं आणि सकाळचं मेटफॉर्मिन पण गेलं. पायोग्लिटाझोन तसं लई संथ औषध आहे, चालू केल्यावर पूर्ण असर दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि बंद केल्यावर पण लगेच उतरत नाही. तुमची २२६ आली ती मुख्यतः बाकीच्या दोघांच्या गैरहजेरीमुळे. सोमवारची वाट बघू नका, आजच जवळच्या कुठल्याही एमडी डॉक्टरला स्ट्रिप दाखवा, पायोग्लिटाझोन नसलेली तेवढ्याच पॉवरची दोघांची गोळी सहज मिळते, पण ती डॉक्टरने लिहून द्यायची, मी किंवा दुसऱ्या कुणी मेडिकलवाल्याने काउंटरवर बदलून द्यायची नाही.

आता बंदीचं. मेसेज अर्धा खरा आहे आणि अर्धा खरा मेसेज जास्त घातक, कारण माणूस गुगलवर बघतो, खरंच सापडतं, मग बाकीचं पण खरंच असणार असं धरून चालतो. १८ जून २०१३ ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने पायोग्लिटाझोन आणि ती घातलेली सगळी कॉम्बिनेशन्स यांचं उत्पादन आणि विक्री थांबवली होती, औषध कायद्याच्या कलम २६ए खाली. देशभरातल्या शुगरच्या डॉक्टरांनी आरडाओरडा केला, लाखो पेशंट या गोळीवर आहेत, स्वस्त आहे, आपल्याकडे डोस पण कमी देतात, असं अचानक बंद करून चालणार नाही. मग प्रकरण औषध तांत्रिक सल्लागार मंडळाकडे गेलं आणि ३१ जुलै २०१३ ला बंदी उठली. म्हणजे सगळा खेळ दीड महिन्याच्या आत आटोपला. त्यामुळे आज ही गोळी विकणं पूर्ण कायदेशीर आहे.

पण उठवली ती अटी घालून उठवली, आणि हे मेसेजमध्ये कधीच येत नाही. शुगरवर पहिलं औषध म्हणून ही द्यायची नाही. ज्याला मूत्राशयाचा कॅन्सर आहे किंवा पूर्वी होता त्याला द्यायची नाही. लघवीतून रक्त जातंय आणि त्याचं कारण शोधलेलं नाही अशा माणसाला द्यायची नाही. चालू करायच्या आधी वय, धूम्रपान आणि कामाच्या ठिकाणचा केमिकलशी संबंध हे बघायचं, आणि ३ ते ६ महिन्यांनी फायदा होतोय का नाही हे बघून मगच पुढं चालू ठेवायची. हे सगळं चौकटीत छापायचं असतं. आता तुम्ही म्हणाल आम्हाला कसं दिसलं नाही, तर आमच्या धंद्यात काय होतं, दहा स्ट्रिपचं खोकं असतं, आम्ही त्यातून तुम्हाला दोन स्ट्रिप काढून देतो, कधी स्ट्रिपसुद्धा कात्रीने कापून देतो, आणि खोकं आणि आतला घडीचा कागद आमच्या कपाटात राहतो. पुढच्या वेळी मागून घ्या, कुणी नाही म्हणणार नाही.

कमिशनचं म्हणाल तर, ही गोळी शुगरच्या सगळ्यात स्वस्त गोळ्यांतली आहे. कमिशनच खायचं असेल तर माणूस महागडी नवीन गोळी लिहील की.

बागाईतदार_तासगाव

वैनी, गोळीचं मला कळत न्हाई पण हा कॅन्सर मी घरात बघितलाय म्हणून सांगतो. आमच्या वडलांना शुगर नव्हती, आयुष्यात शुगरची गोळी खाल्ली न्हाई, पण बिडीचं बंडल खिशात कायम. उन्हाळ्यात द्राक्षाचा माल निघायच्या टायमाला त्यांची लघवी लाल व्हायला लागली. लाल म्हणजे रक्तासारखी भडक न्हाई, कोकमाचं सरबत पातळ केल्यावर जसं दिसतं तशी. आणि दुखत अजिबात नव्हतं. दुखत नसल्यामुळं सगळे म्हणले उन्हाळी लागलीय, धन्या-जिऱ्याचं पाणी द्या, सब्जा द्या. दिलं, आणि मग चार दिवसांनी लघवी साफ पिवळी झाली, झालं, सगळे खूश. महिन्यानं परत लाल. परत धने-जिरे. असं करत करत पावसाळा आला आणि एक दिवस गाठी पडून लघवीच तुंबली, तवा मिरजेला नेलं.

दुर्बिणीतनं बघितलं तर आत कोबीच्या गड्ड्यावानी वाढलेलं. दुर्बिणीतनंच खरवडून काढलं, पोट फाडावं लागलं न्हाई. नंतर दर आठवड्याला नळीतनं मूत्राशयात औषध सोडायचे, बीसीजी, तीच जी बारक्या पोरांना टीबीची लस देतात ती. मला खोटंच वाटलं हुतं, डॉक्टरांना परत विचारलं. आता बरे हायत, शेतात जातात, पण ठराविक महिन्यांनी दुर्बीण घालून बघावं लागतं कारण हा रोग परत परत उगवतो म्हणे.

तर अण्णांना एकच विचारा, लघवी कधी लाल किंवा चहासारखी झालती का. म्हातारी माणसं आपणहून सांगत न्हाईत, लाजतात. त्यातनं आमच्या गावाकडं संडासात उजेडाचा बल्ब पण नीट नसतो, रंग दिसणार कसा.

आकडेमोड

मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचो, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाबद्दल बोलणार नाही पण या गोळीच्या आकड्यांचा नाद मला माझ्या बायकोमुळे लागला, तिला पण हीच चालू होती. जरा लांबेल, कंटाळा आला तर सोडून द्या.

ही गोळी अमेरिकेत १९९९ मध्ये आली, जपानच्या ताकेदा कंपनीची. त्याआधीच नर उंदरांवर दोन वर्षं प्रयोग झाला होता त्यात मूत्राशयात गाठी दिसल्या होत्या, पण उंदरांचं मूत्राशय वेगळं, त्यात खडे बनतात, असं म्हणून ते मागे पडलं. मग २००५ ला प्रोअॅक्टिव्ह नावाची मोठी ट्रायल छापून आली, ५२३८ पेशंट, खरं तर ती हृदयासाठी होती. त्यात गोळी घेणाऱ्यांत मूत्राशयाचा कॅन्सर १४ जणांना आणि नुसती खोटी, म्हणजे औषध नसलेली, गोळी घेणाऱ्यांत ६ जणांना. आता १४ आणि ६ यात फरक दिसतो पण पाच हजारांत एवढ्या थोड्या केसेस, योगायोग पण असू शकतो, आणि त्यातले काही इतक्या लवकर निघाले की गोळीने एवढ्या कमी दिवसांत कॅन्सर व्हायला वेळच नव्हता.

मग फ्रान्स. तिथे सरकारी विमा असल्यामुळे सगळ्यांच्या गोळ्यांची नोंद एका जागी. जवळपास १५ लाख शुगरवाल्यांचा हिशोब काढला तर गोळी घेणाऱ्यांत धोका २२ टक्के जास्त दिसला, पुरुषांत दिसला, बायकांत तसा दिसला नाही. ज्यांच्या पोटात एकूण २८००० मिलिग्रॅमच्या वर गोळी गेली होती त्यांच्यात तो ७५ टक्के जास्त. जून २०११ ला फ्रान्सने विक्री थांबवली, जर्मनीने सांगितलं नवीन पेशंटला सुरू करू नका. युरोपच्या औषध संस्थेने मात्र बंदी न घालता ठरावीक लोकांना द्यायची नाही एवढंच सांगितलं. रेवतीताई, हिशोब घालून बघा, १५ ची गोळी रोज एक म्हटलं तर २८००० व्हायला पाच वर्षांच्या थोडं वर लागतात. अण्णा सहा-सात वर्षं म्हणजे ती रेघ ओलांडलीय. घाबरवत नाहीये, पण डॉक्टरांना हे सांगण्यासारखं आहे.

आता २२ टक्के, ७५ टक्के ऐकून पोटात गोळा येतो, पण कशाच्या २२ टक्के हे कुणी विचारत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध खात्याने, २०११ ला त्यांच्याकडच्या आकड्यांवरून काढलं होतं की एक वर्षाच्या वर गोळी घेणाऱ्या एक लाख लोकांमागे वर्षाला साधारण २७-२८ केसेस जादा. आपली सांगली-मिरज-कुपवाड महापालिका २०११ च्या जनगणनेत पाच लाखांची होती. अख्ख्या पाच लाखांनी ही गोळी वर्षभराच्या वर घेतली असं धरा, तान्ह्या पोरापासून सगळ्यांनी, तर वर्षाला १३५-१४० केसेस जादा. म्हणजे शून्य नाही, पण पुतण्याच्या मेसेजमध्ये वाटतं तसं गोळी खाल्ली की कॅन्सर असंही नाही.

आणि गंमत म्हणजे ज्या अभ्यासावरून एफडीएने हे काढलं, कॅलिफोर्नियातला, १ लाख ९३ हजार शुगरवाले, तोच दहा वर्षांनी पूर्ण होऊन २०१५ मध्ये छापला तेव्हा मूत्राशयाचा धोका जवळजवळ सपाट झाला होता, ६ टक्के, तो पण योगायोगात मोडणारा. वाटलं संपलं प्रकरण, तर २०१६ मध्ये ब्रिटनच्या नोंदींवरून दुसरा अभ्यास आला, त्यात ६३ टक्के जास्त. त्याच वर्षी एफडीएने सगळं परत बघून सांगितलं की धोका वाढत असू शकतो, इशारा तसाच ठेवा. एवढी वर्षं एवढी हुशार माणसं भांडतायत म्हणजे धोका असलाच तर फार मोठा नसणार असं मी समजतो. प्रचंड धोका लपत नाही, बिडी-सिगारेटचा कुठे लपला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने हिला २ए गटात टाकलंय, बहुधा कॅन्सरकारक. त्याच गटात मटण पण आहे, तेही सांगून ठेवतो, रविवारी तांबडा-पांढरा ओरपणाऱ्यांसाठी. तो गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही.

दंडाचं, २०१४ ला लुइझियानाच्या ज्यूरीने दोन कंपन्यांना मिळून ९०० कोटी डॉलर लावले होते, पेपरात मथळे आले ते तेवढेच. त्याच वर्षी जजने ते उतरवून पावणेचार कोटी डॉलरच्या खाली आणले. पण २०१५ ला ताकेदाने हजारो दावे मिटवायला सुमारे २४० कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, चूक मान्य न करता. हे पैसे मुख्यतः कंपनीने धोका माहीत असून नीट सांगितला नाही या आरोपापायी गेले. लपवलं की लोकांना जास्त राग येतो, आणि यायलाच पाहिजे.

डॉ_विट्याकडचा

वरची चर्चा वाचून बरं वाटलं, नाहीतर अशा ठिकाणी नुसती पावडर विकली जाते. मी जीपी आहे, म्हणजे फॅमिली डॉक्टर, खानापूर तालुक्यात. इथून औषध बदलून देणार नाही, पण सोमवारी किंवा आज ज्या कुणाकडे जाल तिथे काय बोलायचं ते सांगतो.

तुम्ही प्रश्न कॅन्सरचा विचारलाय आणि शेवटच्या ओळीत सहज घोट्याची सूज लिहून गेलात. मला आधी ती सूज दिसली. ही गोळी किडनीतून मीठ आणि पाणी धरून ठेवते, त्यामुळे पाय सुजतात, वजन चढतं, आणि हृदय आधीच कमजोर असेल तर फुप्फुसात पाणी होऊ शकतं. हृदयाचा हा इशारा अमेरिकेत २००७ पासून चौकटीत आहे, म्हणजे कॅन्सरच्या आधीपासून. पायोग्लिटाझोनने आमच्या ओपीडीत त्रास झालेले पेशंट बघितले तर ते सुजेचे आणि दम लागण्याचे असतात. विचारा अण्णांना, जिना चढताना दम लागतो का, रात्री उशीला उशी लावून झोपावं लागतं का. ईसीजी आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. वयाने सूज येते हे मला पटत नाही, सुजेला कारण असतं.

मूत्राशयासाठी, साधी लघवी तपासणी, रुटीन मायक्रोस्कोपी, त्यात लाल पेशी आहेत का बघायचं. डोळ्याला न दिसणारं रक्त तिथे दिसतं. सोबत लघवी भरलेली असताना पोटाची सोनोग्राफी. दोन्ही साफ आलं आणि लघवी कधी लाल झालेली नसेल तर दुर्बीण घालायची गरज नसते, गोळी घेतली म्हणून सरसकट सगळ्यांना दुर्बीण कुणी सांगत नाही. लाल पेशी निघाल्या तर मात्र युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारांचे डॉक्टर. तासगावच्या भाऊंनी जे लिहिलंय, न दुखता लाल होणं आणि आपोआप साफ होणं, ते अगदी असंच असतं. चाळिशीच्या पुढच्या माणसाला लघवीतून एकदा जरी रक्त गेलं तरी तपासायचं, गोळी चालू असो नसो.

आता माझं मत विचाराल तर. माणूस ६८ वर्षांचा, बिडी ओढलेला, त्यात कापड रंगवायच्या खात्यात आयुष्य गेलेलं. रंगातली काही रसायनं, अॅरोमॅटिक अमाइन्स म्हणतात, मूत्राशयाच्या कॅन्सरचं जुनं आणि पक्कं कारण आहे, रंग कारखान्यांतल्या कामगारांतच ते पहिल्यांदा कळलं. ती शोषली जातात, रक्तातून किडनीत, आणि लघवी होऊन मूत्राशयात तासन् तास साठून राहतात. बिडीच्या धुरात पण त्याच जातीची रसायनं आहेत. म्हणजे अण्णांच्या नावावर दोन मोठ्या गोष्टी आधीच आहेत, त्यावर तिसरी किरकोळ शंका कशाला चढवायची, दुसऱ्या गोळ्या आहेत की आता. मी असतो तर बदलली असती. पण हेच पायोग्लिटाझोन पंचेचाळिशीची, बिडी न ओढणारी, फॅटी लिव्हरवाली, पोटावर चरबी असलेली बाई समोर असेल आणि हृदय चांगलं असेल तर मी अजूनही लिहितो, कमी डोसमध्ये, आणि मला त्याचं काही वाटत नाही. इन्शुलिन शरीराला लागू पडत नाही अशा लोकांत ती छान चालते, २०१६ च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये लकवा येऊन गेलेल्यांत परत लकवा किंवा हार्ट अॅटॅकचं प्रमाण तिने कमी केलेलं दिसलं.

तुमच्या डॉक्टरांना ते प्रोसेसमध्ये कामाला होते हे माहीत आहे का? बहुतेक नसेल. आम्ही विचारत नाही आणि पेशंट सांगत नाही. हे जरूर सांगा.

रात्री सारखं उठणं हे वाढलेल्या शुगरमुळे, त्याला कॅन्सरचं लक्षण समजून अजून घाबरू नका.

निसर्गमित्र७७

एवढं सगळं करण्यापेक्षा निसर्गाकडे वळा. जांभळाने कॅन्सर झालेला कुणी दाखवा, पाच हजार देतो.

औषधवाला_मिरज

जांभूळ खा हो, कुणी अडवलंय, जूनमध्ये टोपली टोपली येते. प्रश्न तुमच्या त्या तयार पावडरचा आहे, डब्यावर ना बॅच नंबर ना लायसन्स. अशा पावडरींमध्ये ग्लिबेनक्लामाइड नाहीतर मेटफॉर्मिन अशा शुगरच्याच गोळ्या चोरून कुटून घातलेली सापडल्याचे प्रकार काय कमी नाहीत, मग शुगर उतरणारच की. आणि कॅन्सरचंच म्हणाल तर अॅरिस्टोलोकिया नावाची वनस्पती आहे, आपल्याकडे तिच्या एका जातीला ईश्वरी म्हणतात, पूर्ण निसर्गातली, तिच्यातल्या आम्लाने किडनी खराब होते आणि मूत्रमार्गाचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे, कॅन्सर संस्थेच्या यादीत ती पहिल्या गटात, म्हणजे पक्क्या कॅन्सरकारकांत आहे, पायोग्लिटाझोनच्या वर. पाच हजार तयार ठेवा.

रेवती_विश्रामबाग

सगळ्यांचे खूप खूप आभार. सोमवारपर्यंत थांबलो नाही, त्याच दिवशी संध्याकाळी ओळखीच्या एमडींकडे गेलो. मी प्रोसेसचं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अण्णांना पहिल्यांदा नीट विचारलं, कुठल्या खात्यात, हातमोजे असायचे का. अण्णा म्हणाले कसले हातमोजे, संध्याकाळी घरी आलो की नखं निळी, आंघोळीचं पाणी पण निळं जायचं, तुझी सासू चेष्टा करायची कृष्ण आला म्हणून. मला हे लग्नाला एवढी वर्षं होऊन माहीत नव्हतं.

पायोग्लिटाझोन बंद केली. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची दोघांची गोळी आणि सोबत डापाग्लिफ्लोझिन १० दिलीय. लघवीत लाल पेशी नाहीत, सोनोग्राफी पण साफ. इकोमध्ये हृदय थोडं ताठर झालंय म्हणाले, म्हणूनच ही नवीन गोळी निवडली. लाल लघवी कधी झाली नव्हती असं अण्णा ठामपणे सांगतायत, आणि तासगावच्या भाऊंचं वाचून यांनी बाथरूमला मोठा एलईडी लावून टाकला.

पण आता ऐका पुढचं. अण्णांनी नवीन स्ट्रिपचा फोटो परत त्या पुण्याच्या पुतण्यालाच पाठवला आणि तासाभरात त्याचा मेसेज, काका ह्याने पण मूत्राशयाचा कॅन्सर होतो, लिंक सोबत. स्ट्रिप परत फ्रिजवर. काय करू मी या माणसाचं, पुतण्याचं म्हणतेय.

आकडेमोड

पुतण्याला माझ्याकडे शिकवणीला पाठवा.

लिंक जुनी असणार, २०११ च्या आसपासची. तेव्हा डापाग्लिफ्लोझिनच्या सुरुवातीच्या ट्रायलमध्ये गोळीवाल्यांत मूत्राशयाच्या कॅन्सरच्या नऊ-दहा केसेस आणि दुसऱ्या बाजूला एक अशी विषम विभागणी दिसली होती, त्यावरून अमेरिकेत मंजुरी लांबली, ती जानेवारी २०१४ ला मिळाली. मग १७ हजारांच्या वर पेशंट घेऊन डिक्लेअर नावाची ट्रायल झाली, २०१८ मध्ये निकाल आला, त्यात गोळी घेणाऱ्यांत २६ केसेस आणि खोट्या गोळीवाल्यांत ४५. उलटंच निघालं. अर्थात यावरून ती कॅन्सर रोखते असं पण म्हणू नये, पण भीती घालायला ती लिंक आता उपयोगाची नाही. अण्णांना दोनच आकडे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा, २६ आणि ४५, स्ट्रिपच्या जागी.

औषधवाला_मिरज

आणि ही गोळी पूर्वी महाग होती, ऑक्टोबर २०२० ला पेटंट संपल्यावर ढीगभर कंपन्यांनी काढली, आता परवडते, तेव्हा महिन्याच्या खर्चाची फार काळजी करू नका.

डापाग्लिफ्लोझिनमध्ये बघायचं ते वेगळंच आहे. ती शुगर लघवीवाटे बाहेर काढते, त्यामुळे लघवीच्या जागी खाज आणि बुरशी होते, हे बऱ्यापैकी कॉमन आहे. अण्णा सुनेला सांगणार नाहीत, तेव्हा तुमच्या मिस्टरांना विचारायला लावा. लघवीनंतर पाण्याने धुवून कोरडं करायचं, बस. लघवीच्या रिपोर्टमध्ये आता शुगर तीन प्लस, चार प्लस येणार, त्याने दचकू नका, ते गोळी काम करतेय म्हणून. पाणी पुरेसं प्यायला द्या, चक्कर आली तर बीपी मोजा. आणि जुलाब-उलट्या होऊन जेवण बंद झालं, कडक उपास धरला किंवा कसलं ऑपरेशन ठरलं तर डॉक्टरांना विचारून ही तेवढे दिवस थांबवायची असते, हे मात्र त्यांच्या कागदावर आत्ताच लिहून ठेवा, तेव्हा कुणाला आठवत नाही.